तिरल्याचा गोऱ्हा आणि भरत राजाचं पाडस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



वसुबारस जवळ आली आहे. दर वर्षी या सुमारास आपण गाय-वासराच्या पूजेचा विधी, नैवेद्य, उपवासाला काय चालतं हे पाठवतो. आपण माळव्यातली माणसं, त्यामुळे शेजारणींबरोबर भाद्रपदातली बछबारसही करतो आणि दिवाळीची आपली वसुबारसही करतो. विधी सगळ्यांना पाठ आहे. या वेळी मात्र गेल्या महिन्यात ग्रुपवर जी चर्चा झाली आणि अर्धवट राहिली, तिच्याबद्दल लिहावं असं आम्हा सेवेकरी बायकांचं ठरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धारजवळ तिरल्याला आपलं एक कुटुंब आहे. सोयाबीन-गव्हाची थोडी शेती, दारात एक माळवी गाय. ज्येष्ठात गाय व्याली, गोऱ्हा झाला. दिसायला देखणा, पांढरट रंग, टपोरे डोळे. पण उभा राहीना. दोघांनी धरून उभं केलं तर चारी पाय फाकवून राहायचा आणि एका बाजूला कलंडायचा. सडाकडे तोंड नेलं की मान लटलट हलायची, आणि जितकं जवळ जाईल तितकी जास्त हलायची. भूक होती, चोखायची ताकद होती, हाक मारली की कान टवकारायचा. नेम मात्र लागत नव्हता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं डोलू.

तिथल्या काकूंनी ग्रुपवर त्याचा व्हिडिओ टाकला आणि प्रार्थना करा म्हणून लिहिलं. प्रार्थना सगळ्यांनीच केली. पण त्याखाली जे लिहून आलं तेही आठवा. एकाने लिहिलं, मागच्या जन्मीचं भोगतोय बिचारा. दुसऱ्याने लिहिलं, घराण्यातला काही दोष असेल, शांत करून घ्या. कोणी म्हणालं, गोऱ्हाच तो, पुढे काय उपयोगाचा, गोशाळेत देऊन टाका. आणि एका मावशींनी अगदी काळजीपोटी लिहिलं की घरात सून गरोदर आहे, असलं तिच्या नजरेसमोर नको. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हात जोडलेले होते. मनाने कोणीच वाईट नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आरतीनंतर ती सूनबाई, जी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, तिने सगळ्यांसमोर विचारलं: "उद्या माझं बाळ असं जन्मलं तर तुम्ही सगळे हेच म्हणाल का?"

कोणी काही बोललं नाही. प्रसाद वाटला गेला आणि मंडळी घरी गेली. तिच्या त्या प्रश्नासाठीच हे लिहिणं आहे.

आधी दिसतं ते पाहू. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली, नाळ पाहिली, सांधे दाबून पाहिले. मग एकेक शक्यता सांगितली. नाळेतून जंतू गेले तर ते मेंदूपर्यंत पोहोचतात, पण मग ताप येतो, सांधे सुजतात. इथे तसं नव्हतं. ब-१ जीवनसत्त्व कमी पडलं तर वासरू आंधळ्यासारखं करतं, मान मागे ताणतं. ती इंजेक्शनं लगेच दिली, कारण तेच दुखणं असेल तर वेळेवर उपचार झाल्यास जनावर सुधारतं. जुन्या बॅटऱ्या, जुना रंग चाटून शिसं पोटात गेलं तरी जनावर असं करतं. पण हा जन्मापासून असा. राहिली एक शक्यता. गाय गाभण असताना तिला एखाद्या विषाणूची बाधा होते, तिला फारसं काही जाणवतही नाही, पण पोटातल्या वासराचा लहान मेंदू नीट वाढत नाही. तोल सांभाळणं, हालचालीला नेम देणं हे लहान मेंदूचं काम. अशा वासराला औषध नसतं. मात्र ते दुखणं बहुधा वाढतही नाही, आणि काही वासरं हळूहळू स्वतःचा तोल सावरायला शिकतात. हे सगळं सांगून डॉक्टर म्हणाले, "पर पक्का कारण मैं नहीं बता सकता, माताजी." महूला पशुवैद्यकाचं मोठं कॉलेज आहे, १९५५ पासूनचं. तिकडे न्यायचं का, असं काकूंनी विचारलं. ते म्हणाले, जरूर न्या, पण एवढ्या प्रवासाने याला त्रास होईल आणि उपचारात फारसा फरक पडणार नाही. घरच्यांनी विचार करून नेलं नाही.

आता बघा, इतकं शिकलेला माणूस सरळ म्हणतो की मला नक्की सांगता येत नाही. आणि आपण? जनावराला हातही न लावता, घरी सोफ्यावर बसून दोन ओळींत त्याचा मागचा जन्म सांगून मोकळे होतो. कर्माचा सिद्धांत आपण मानतो, त्याबद्दल शंका नाही. पण कर्माची वाट समजायला फार अवघड आहे हे गीतेच्या चौथ्या अध्यायात प्रत्यक्ष भगवंतांनीच सांगितलं आहे. जे अर्जुनाला अवघड ते आपल्याला मोबाईलवर कसं उमगलं? आपल्या गुरुस्थानी कर्माचा विचार शिकवतात तो स्वतःचं पाऊल तपासायला. दुसऱ्याच्या दुखण्याला लावायचं लेबल म्हणून तो शिकवलेला नाही. आणि घराण्याचा दोष काढणाऱ्यांना एक नम्रपणे विचारायचं आहे. अशा वेळी हा दोष शेवटी कोणाच्या माथी जातो? बहुतेक घरांत तो सुनेच्याच माथी जातो. हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.

सूनबाईच्या नजरेसमोर वासरू नको, यालाही काही आधार नाही. कापरं भरणारं वासरू पाहिल्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. गरोदर बाईने गोठ्यात जपायचं ते वेगळंच. गाय विते तेव्हाचं पाणी, वार, गाभ टाकला असेल तर ते सगळं, याला उघड्या हाताने शिवू नये. त्यातून माणसाला आजार होऊ शकतो. आणि एखादं जनावर अचानक चक्रावल्यासारखं करू लागलं, लाळ गाळू लागलं, तर घशात काही अडकलं असेल म्हणून कोणीही तोंडात हात घालू नये, ते पिसाळलेलंही असू शकतं. आधी डॉक्टरला बोलवावं. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

आता काहींनी विचारलं की अंगारा लावला का. लावला. रोज लावतात. पण मग उभा का नाही राहिला, असंही विचारलं गेलं. गुरुचरित्राच्या बाविसाव्या अध्यायातली वांझ म्हशीची कथा आपण सगळे वाचतो. श्रीगुरू गरिबाच्या दारी भिक्षेला गेले, दूध मागितलं. घरातली बाई म्हणाली, म्हैस वांझ आहे, ओझी वाहते. श्रीगुरू म्हणाले, जा, काढ. आणि म्हैस दुभली. आपण त्या कथेतलं दूध लक्षात ठेवतो. आम्ही बायका बसून बोललो तेव्हा आम्हाला ती बाई जास्त दिसली. म्हैस वांझ आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी ती भांडं घेऊन कासेशी जाऊन बसली. दूध येणं तिच्या हातात नव्हतं, बसणं होतं. तिरल्याच्या काकू साडेचार महिने तशाच बसल्या आहेत.

ते बसणं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण "सेवा" हा शब्द आपल्याकडे फार सोपा झाला आहे.

पहिल्या दिवशी चीक. वासराला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातून मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतडं ती घेईनासं होतं. त्यामुळे घरात खरवसाची वाट बघणाऱ्या पोरांना थांबवून आधी सगळा चीक डोलूला. सडाला तोंड लागत नव्हतं म्हणून बाटलीने. शेजारी म्हणाले, नळ्याने घशात ओता, पटकन होतं. काकूंनी ऐकलं नाही, आणि बरं झालं. मान वर करून ओतलं तर दूध फुप्फुसात जातं आणि वासरू हाताचं जातं. बाटली कासेच्या उंचीवर धरायची, मान एका हाताने सावरायची, त्याचा तो चोखेल तसं. वजनाच्या साधारण दहावा भाग दूध दिवसाला लागतं. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून. म्हणजे रतिबाचं दूध कमी. हा पैशाचा भागही कोणी विचारला नाही.

मग कूस बदलणं. पडून राहणाऱ्या जनावराला एका अंगावर ठेवलं की कातडी सडते, पावसाळ्यात माश्या बसतात, किडे पडतात. खाली गव्हाच्या भुशाचा जाड थर, ओला झाला की काढायचा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून तेवढ्या जागेत माती टाकून घेतली. आजी तिथेच खाटेवर जपाला बसायच्या. त्यांचा हिशोब असा, की अकरा माळा झाल्या की कूस बदलायची. आपल्यापैकी कितीतरी जण जपाची संख्या वहीत लिहितात. आजींची वही म्हणजे डोलूचं न सडलेलं अंग.

जुन्या लुगड्याची झोळी करून आढ्याला बांधली, पोटाखालून घेऊन दिवसातून तीनदा त्याला दहा-पंधरा मिनिटं उभं करायचं. पाय चोळायचे. सकाळचं ऊन द्यायचं. श्रावणात तो झोळीशिवाय क्षणभर उभा राहिला आणि पडला. मग पुन्हा. भाद्रपदात पाच-सहा पावलं टाकली, दारू प्यायल्यासारखी. आज तो स्वतः उठतो, पाय फाकवून चालतो, कोवळं गवत खातो, पण दर चार पावलांनी घसरतो. आईला चोखायला गेला की मान अजून हलते. पुढे किती सुधारेल माहीत नाही. नांगराला तो कधीच जुंपला जाणार नाही, आणि तसाही ट्रॅक्टर आल्यापासून कुठला गोऱ्हा जुंपला जातो? धडधाकट गोऱ्हेसुद्धा लोक सोडून देतात. इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर रात्री बसलेली गुरं आपण सगळेच गाडीतून पाहतो.

यावर एका वाचक बंधूंनी मोठा अभ्यासपूर्ण आक्षेप घेतला. ते म्हणाले, इतका जीव लावणं म्हणजे मोह, जडभरताचं काय झालं ते विसरू नका. आक्षेप चांगला आहे. म्हणून भागवताचा पाचवा स्कंध पुन्हा काढला.

ऋषभदेवांचा मुलगा भरत, एवढा मोठा राजा, सगळं सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात तपाला राहिला. एकदा नदीकाठी संध्या करत असताना एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. सिंहाची डरकाळी ऐकून तिने भीतीने उडी मारली, पाडस प्रवाहात पडलं, हरिणी पलीकडे जाऊन मेली. भरताने वाहतं पाडस उचललं आणि आश्रमात आणलं. पुढे त्याला त्याचा असा लळा लागला की नित्यनेम सुटले, पूजा सुटली, पाडस नजरेआड झालं की जिवाची तगमग. अंतकाळी मनात तेच. पुढचा जन्म हरणाचा.

इथवरची गोष्ट आपण सांगतो आणि थांबतो. पण पाडस उचललं हे चुकलं, असं आम्हाला त्यात कुठे दिसलं नाही. वाहत्या पाण्यात जीव बुडताना जो डोळे मिटून संध्या पुरी करेल त्याच्या संध्येचं काय करायचं? घसरण झाली ती पुढे. हे माझंच, याला काही होताच कामा नये, याच्याशिवाय मला काही नाही, असा धरलेला हट्ट. तो हट्ट घातक आहे हे तिरल्यातही दिसलं. एकदा घरच्या दादांनी कुठल्याशा भोंदू वैद्याला बोलावून, याला पंधरा दिवसांत पळवून दाखवतो म्हणणाऱ्याला, उसने पैसे मोजले. आजींनी त्यांना जवळ बसवून सांगितलं, अरे, त्याला पाजायचं आपल्याकडे, पळवायचं आपल्याकडे नाही. मोह कुठे सुरू होतो ते एवढ्यात आलं. आणि आजींचा जप सुटला नाही, घरातली देवपूजा सुटली नाही. भरताचं जे सुटलं ते इथे त्या वासराशेजारीच बसून चाललं होतं.

बरं, त्या गोष्टीचा पुढचा भाग तर फारच कमी वेळा सांगितला जातो. हरणाचा जन्म संपवून भरत ब्राह्मणाच्या घरी जन्मला, आणि पुन्हा गुंतायला नको म्हणून वेड्यासारखा, मंद असल्यासारखा राहू लागला. लोकांनी नाव ठेवलं जड. भाऊ शिळंपाकं देत, शेतावर राबवत. एके दिवशी सौवीर देशाचा राजा रहूगण पालखीतून चालला होता, एक भोई कमी पडला, म्हणून या धष्टपुष्ट वेड्याला धरून दांडीला लावलं. आता पालखी हिसके खाऊ लागली. का? तर हा खाली बघून चाले, मुंगी-किडा दिसला की त्याला वाचवून पाऊल टाकी, बाकीच्यांशी पाऊल जुळेना. राजा चिडला, टोमणे मारू लागला. मग तो वेडा बोलला, आणि राजा पालखीतून उतरून त्याच्या पाया पडला.

म्हणजे पहा. पाडसापायी ज्याचा एक जन्म गेला, त्याने पुढे दया सोडली नाही. आधी एका हरणावर होती, ती आता वाटेतल्या मुंगीवरही आली, हट्ट तेवढा गेला. आणि ज्याचं पाऊल वाकडं पडतं म्हणून राजा हसला, तोच त्या सगळ्या लवाजम्यातला जागा माणूस होता. कोणाचं पाऊल का वाकडं पडतं हे पालखीत बसून कळत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा, कारण घरातल्या तरुण मुलांनी तो प्रश्न मोकळेपणाने विचारला: कायमचं पांगळं राहणार असेल तर सोडवून का टाकू नये? १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात हे प्रत्यक्ष घडलं. एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं, कूस बदलणंही सहन होत नव्हतं, डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी आश्रमातल्यांशी बोलून डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. आपल्यापैकी पुष्कळांना तो निर्णय आजही पटणार नाही, आम्हालाही जड जातो. पण त्यांनी त्यानंतर जे लिहिलं त्यात एक भेद स्वच्छ केला होता. प्राण्याच्या वेदनेसाठी काही करणं एक, आणि आपल्या सोयीसाठी त्याला मारणं दुसरं. दुसरी ती हिंसाच. तो भेद धरून डोलूकडे पाहा. त्याला वेदना नाही. तो खातो, उन्हात डोळे मिटून बसतो, सूनबाईचा पदर चघळतो. त्रास आहे तो आपल्याला, दुधाचा, वेळेचा, लोक काय म्हणतील याचा. आपल्या त्रासाला त्याचा त्रास म्हणणं बरं नाही.

सूनबाईला सातवा महिना लागला आहे. संध्याकाळची बाटली अजून तीच देते, आता खाली वाकवत नाही म्हणून स्टुलावर बसून. तिच्या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देण्यापेक्षा आमचं असं ठरलं आहे की यंदा धार आणि तिरल्याच्या मंडळींची वसुबारसेची सामुदायिक पूजा त्याच गोठ्यात करायची. एका ज्येष्ठ आत्यांचं म्हणणं पडलं की पूजेचं वासरू अव्यंग हवं. त्यांची श्रद्धा आहे, त्या त्यांच्या घराजवळच्या गोठ्यात पूजा करतील, त्यांना कोणी काही बोलू नये. आम्ही मात्र सवत्स धेनू म्हणजे वासराला चाटणारी गाय एवढंच धरलं आहे. ती गाय डोलूला दिवसभर चाटते.

येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. गर्दीने आणि आवाजाने त्याचं कापरं वाढतं, म्हणून पाच-पाच जणींनीच आत जायचं, झांजा बाहेर. फोनचा फ्लॅश नको. हळदकुंकू पायावर, कपाळाला बोट टेकवण्यापुरतं, डोळ्यांजवळ नको. गाईला पुरणपोळ्या, शिजलेलं धान्य कोणी ढीगभर घालू नका. एवढ्या सगळ्यांनी एकेक घास म्हटला तरी तिचं पोट फुगतं, आंबतं, जनावर दगावतंसुद्धा. नैवेद्य एका ताटातून एकच घास, बाकी हिरवा चारा आणा, जमेल त्याने भुशाचं एक पोतं आणा. प्लास्टिकच्या पिशव्या गाडीतच ठेवा. धारहून दुपारी चार वाजता निघायचं आहे. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी ग्रुपवर कळवा. कूस बदलायची पाळी आता लागत नाही, पण आजींचे डोळे अधू झालेत, त्यामुळे रात्रीची बाटली देण्यासाठी कार्तिकभर आठवड्यातून दोन दिवस कोणी तिरल्यात मुक्कामाला येऊ शकेल का, तेही लिहा.

॥ श्रीसद्गुरुचरणी अर्पण ॥